करपल्लवी ते कंपन : हातातील उपकरणे आणि स्पर्शसंज्ञापनाचा इतिहास

संज्ञापनाच्या माध्यमांचा इतिहास आपल्याकडे, आणि पाश्चात्त्य विद्यापीठांतही, मुख्यतः कान आणि डोळा या दोन इंद्रियांना धरून लिहिला गेला आहे. मौखिक परंपरा, हस्तलिखित, मुद्रण, नभोवाणी, पडदा असा जो क्रम आपण वर्गात शिकवतो, त्यात त्वचेला स्थान नाही. मोबाइल फोन हाती आला आणि आवाज न करता थरथरू लागला, तेव्हा त्वचेची दखल घेणे भाग पडले. परंतु ती घेतली गेली एका गृहीतकासह. स्पर्श म्हणजे भावना, शब्दांच्या अलीकडचे किंवा पलीकडचे काहीतरी. म्हणून स्पर्शाचे यंत्र म्हणजे दूरच्या माणसापर्यंत जवळीक पोहोचविणारे यंत्र, असे हे गृहीतक आहे. प्रस्तुत निबंधात त्याची ऐतिहासिक तपासणी करावयाची आहे. स्पर्श हा दीर्घकाळ अंकांचा, अक्षरांचा आणि कराराचा वाहक होता; त्याला मुके ठरविले गेले ते पुढे. ज्यांना ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही अशा बधिरांध व्यक्तींनी स्पर्शाची भाषा प्रत्यक्षात घडविली, पण या इतिहासात त्यांची नोंद लेखक म्हणून न होता लाभार्थी म्हणून झाली. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही, कारण एका चिन्हव्यवस्थेला दुसरीची केवळ पर्यायी छाया मानणे म्हणजे काय, हे अनुवादाच्या निमित्ताने आपण नेहमीच पाहत असतो.

आरंभ भारतीय बाजारपेठेतून करणे सोयीचे आहे. लुडोविको दि वार्थेमा या इटालियन प्रवाशाचे प्रवासवर्णन १५१० मध्ये रोम येथे प्रसिद्ध झाले. कालिकतच्या व्यापाऱ्यांचे वर्णन करताना तो सांगतो की तेथील सौदे दलालामार्फत होतात, आणि भाव तोंडाने बोलला जात नाही. एक कापड हातांवर टाकले जाते आणि त्याखाली एकमेकांच्या बोटांची पेरे दाबून लहानमोठ्या रकमांची घासाघीस पार पडते. ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याचा ग्रंथ १६७६ चा. दख्खनमधील राओलकोंडा येथील हिऱ्यांच्या खाणीवर त्याने हाच प्रकार पाहिला आणि व्यापारी असल्यामुळे त्याची कोष्टकासारखी नोंद केली. संपूर्ण हात धरला तर एक हजार, आणि जितक्या वेळा दाबला तितके हजार. पाचही बोटे धरली तर पाचशे. एक बोट धरले तर शंभर. मधल्या सांध्यापर्यंत अर्धे बोट धरले तर पन्नास. आणि पहिल्या सांध्यापर्यंतचे टोक धरले तर दहा. हे हजार होनांचे की रुपयांचे, ते बोलण्याच्या ओघात ठरलेले असते. भोवती माणसांची गर्दी असली तरी एकच माल पुन्हा पुन्हा हात बदलतो आणि काय भावाने बदलला हे तिसऱ्याला कळत नाही.

मराठीत या प्रकाराला शब्द शोधावा लागत नाही. बोटांनी, हातांनी बोलण्याला ‘करपल्लवी’ हा शब्द आपल्याकडे आहेच. त्यात डोळ्यांना दिसणाऱ्या हस्तसंकेतांचाही समावेश होतो. उपरण्याखालचा व्यवहार हे तिचे झाकलेले रूप होय, आणि मराठी मुलखातील जनावरांच्या बाजारात दलालांनी ते जोपासले. तिची जोडीदारीण ‘नेत्रपल्लवी’ प्रेमिकांच्या वाट्याला गेली आणि ललित वाङ्मयात सुखाने नांदली. करपल्लवी मात्र बाजारात राहिली, त्यामुळे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तिच्याकडे फारसे पाहिले नाही. ताव्हर्नियेच्या नोंदीतून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे ही संपूर्ण चिन्हव्यवस्था आहे : त्याच बोटाचा किती भाग धरला यावर मूल्य बदलते आणि संदर्भाने एकक ठरते. दुसरी अधिक महत्त्वाची. डोळ्याने वाचणाऱ्याला आपण वाचले जात आहोत असे होत नाही, कानाने ऐकणारा स्वतः गप्प राहू शकतो. पण स्पर्शात एकाने दाबलेले बोट हे त्याच क्षणी दाबणाऱ्यालाही जाणवते. समोरच्याचा हात सैलावला की आखडला, हे भाव सांगणाऱ्याला उत्तराच्या आधीच कळते. पुढची सगळी यंत्रे या दुसऱ्या गोष्टीपाशी अडखळलेली दिसतील.

युरोपात स्पर्शाला अक्षरे जोडण्याचा एक लक्षणीय प्रयत्न जॉर्ज डॅल्गार्नो या ऑक्सफर्डमधील स्कॉटिश शिक्षकाने केला. हा मनुष्य मुळात वैश्विक भाषेच्या मागे लागलेला. सर्व जगाला समजेल अशी तात्त्विक भाषा रचण्याचा त्याचा ग्रंथ १६६१ चा आहे. तो प्रकल्प फसला. १६८० मध्ये कर्णबधिरांच्या शिक्षणावर त्याने जे पुस्तक लिहिले, त्यात महत्त्वाकांक्षा आखडून एका तळहाताएवढी झाली आहे. पाच बोटांच्या टोकांवर पाच स्वर आणि हाताच्या आतल्या बाजूस उरलेल्या जागांवर व्यंजने अशी त्याची मांडणी आहे. नवशिक्याने अक्षरे लिहिलेला हातमोजा घालावा, अशीही सूचना त्याने केली. हातमोजा हा या इतिहासात पुन्हा पुन्हा येणारा पदार्थ आहे, म्हणून त्याची येथे नोंद करून ठेवतो.

सुमारे दोन शतकांनी हा हातमोजा अनपेक्षित ठिकाणी सापडतो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल १८७० नंतरच्या काही वर्षांत मॅसॅच्युसेट्समध्ये जॉर्ज सँडर्स या जन्मतः कर्णबधिर मुलाला शिकवीत होता. त्याने डॅल्गार्नोची पद्धत उचलली, मुलाच्या हातात अक्षरे लिहिलेला मोजा घातला आणि त्या अक्षरांना स्पर्श करून शब्द घडविले. या मुलाचे वडील टॉमस सँडर्स यांनीच पुढे बेलच्या प्रयोगांना पैसा पुरविला. १८७६ मध्ये दूरध्वनीचे पेटंट मिळाले ते या व्यवहाराच्या पार्श्वभूमीवर. म्हणजे दूरध्वनीच्या जनकाच्या मेजावर आवाजाचे यंत्र आणि स्पर्शाचा हातमोजा अशा दोन्ही गोष्टी एकाच काळात होत्या. त्यांतली एक जगभर गेली. पुढे हाच बेल कर्णबधिरांना खुणांची भाषा न शिकविता मुखाने बोलण्यास लावणाऱ्या पंथाचा प्रमुख पुरस्कर्ता झाला, हेही त्याच्याबद्दल सांगितले पाहिजे.

आता ज्या एका माणसापाशी थोडे थांबावयाचे आहे तो यंत्रज्ञ नव्हता, कवी होता. हाइनरिश लँडेसमान हा १८२१ मध्ये मोराव्हियातील निकोल्सबुर्ग येथे ज्यू कुटुंबात जन्मला. किशोरवयातच त्याची श्रवणशक्ती गेली आणि दृष्टीही क्षीण झाली. १८४७ मध्ये व्हिएन्नातील साहित्यिकांवर त्याने टीकालेखांचे पुस्तक काढले. मेटरनिखच्या राजवटीत पोलिसांचा ससेमिरा टाळणे आवश्यक होते, आणि म्हणून त्याने हिएरोनिमुस लोर्म हे टोपणनाव घेतले. कादंबऱ्या, निबंध, निराशावादाला वाहिलेल्या कविता असे त्याचे विपुल लेखन आहे. जर्मन वाङ्मयाच्या इतिहासांत त्याला मिळणारी जागा आज काही ओळींपलीकडे जात नाही. पुढे दृष्टी पूर्णपणे गेली. १८८१ च्या सुमारास त्याने घरच्या माणसांशी बोलता यावे म्हणून आपल्या तळहातावर एक वर्णमाला बसविली. अंगठ्याचे टोक म्हणजे अ, तर्जनीचे ए, मधल्या बोटाचे इ, अनामिकेचे ओ, करंगळीचे उ. तर्जनीवरून खाली ओढलेली छोटी रेघ म्हणजे ब. मधल्या बोटापासून मनगटापर्यंत ओढलेली लांब रेघ म्हणजे ल. तळहातावर काढलेले वर्तुळ म्हणजे स, आणि बोटांनी तळहातावर हलकेच वाजविलेला ताशा म्हणजे र.

ही वर्णमाला नीट पाहिली तर ती यादृच्छिक नाही असे दिसते. पाच टोकांवर पाच स्वर ही कल्पना डॅल्गार्नोची म्हणून आपण ओळखतो. परंतु लोर्मने व्यंजनांना जागाच नव्हे, तर गतीही दिली. काही अक्षरे टेकतात, काही सरकतात, एक फिरते, एक वाजते. कंपित ‘र’ला थरथरता स्पर्श देणारा हात कवीचा आहे, हे मला तरी नाकारता येत नाही. १९०२ मध्ये ब्रुन येथे लोर्म निवर्तला. त्याच्या मुलीने ही पद्धत प्रसिद्ध केल्यावर ती जर्मन भाषिक प्रदेशात रुजली, आणि आज ती ‘लोर्म’ याच नावाने ओळखली जाते. ज्या टोपणनावाने पोलिसांपासून लपावयाचे होते, ते एका लिपीचे नाव होऊन बसले; कविता मात्र विस्मरणात गेल्या.

लोर्मची अक्षरे हवेत विरतात. तळहातावर लिहिलेले पुसावे लागत नाही, तसे राखताही येत नाही. टिकाऊ स्पर्शलिपीची वाट वेगळी होती आणि ती सुपरिचित असल्याने येथे तपशिलात जात नाही. शार्ल बार्बियेची ठिपक्यांची लिपी, तिच्यावरून किशोरवयीन लुई ब्रेलने रचलेली सहा ठिपक्यांची व्यवस्था आणि तिचे १८२९ मधील प्रकाशन हा क्रम सर्वांना माहीत आहे. आपल्या विषयासाठी एवढेच लक्षात घ्यावयाचे की ब्रेलची लिपी डोळसांना बोटाने वाचता येत नव्हती. डोळसांनी तयार केलेल्या उठावदार रोमन अक्षरांपेक्षा ती अंधांना सोपी गेली, आणि नेमके तेच अनेक शिक्षकांना दीर्घकाळ खटकत राहिले.

हेलन केलर (१८८०–१९६८) हे नाव या विषयात टाळता येत नाही, पण ते ज्या कारणासाठी घेतले जाते त्याहून वेगळ्या कारणासाठी मी घेत आहे. ॲन सलिव्हनने १८८७ मध्ये तिच्या हातात बोटांनी अक्षरे जुळवून भाषा आणली, ही कथा शालेय पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचली आहे. १८९२ मध्ये याच मुलीवर वाङ्मयचौर्याचा आरोप झाला. तिने लिहिलेली गोष्ट आधी प्रसिद्ध झालेल्या एका गोष्टीशी जुळत होती आणि तिच्या संस्थेने अकरा-बारा वर्षांच्या मुलीची चौकशी केली. पुढे १९३३ मध्ये टॉमस कट्सफोर्थ या स्वतः अंध असलेल्या मानसशास्त्रज्ञाने वेगळा आक्षेप घेतला : केलरच्या लेखनात रंग आणि नाद यांचे शब्द आहेत, त्यांचा अनुभव नाही; हे शब्दांचे अवास्तव जग आहे. कट्सफोर्थचा रोख शिक्षणपद्धतीवर होता. तरी या दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. बधिरांध लेखिकेने इतरांच्या शब्दांत लिहिले तर ती उसनवारी ठरते. आणि स्वतःच्या इंद्रियांच्या शब्दांत लिहावे, तर ते शब्द भाषेत तयारच नाहीत. वस्तुतः १९०८ च्या आपल्या पुस्तकात केलरने स्पर्श आणि कंपन यांवर स्वतंत्र प्रकरणे लिहिली आहेत. १९२४ मध्ये नभोवाणीच्या यंत्राच्या पडद्यावर बोटे ठेवून तिने बेथोव्हेनची नववी सिंफनी अनुभवली आणि त्या वाद्यवृंदाला पत्र लिहून कंपनांचे वर्णन कळविले. कंपनाने आलेल्या दूरस्थ संदेशाचे हे वाङ्मयीन वर्णन हातातल्या फोनच्या कितीतरी आधीचे आहे.

याच काळात अमेरिकेत टाडोमा नावाची पद्धत रूढ होत होती. सोफिया अल्कॉर्न या शिक्षिकेने ती टॅड आणि ओमा या दोन विद्यार्थ्यांना शिकविली आणि त्यांच्याच नावांवरून तिला नाव पडले. बधिरांध व्यक्ती आपला अंगठा बोलणाऱ्याच्या ओठांवर ठेवते, बोटे गालावर आणि जबड्यावर, तर करंगळी गळ्याच्या बाजूस. तिला उच्चार हाताला लागतो. संस्कृत आणि मराठी व्याकरणाच्या परिचिताला येथे थबकावे लागते. क ते म या पंचवीस वर्णांना आपल्या व्याकरणाने ‘स्पर्श’ म्हटले आहे, कारण त्यांच्या उच्चारात जिभेचा वा ओठांचा स्पर्श होतो. गळ्यातील कंपन आहे की नाही यावर घोष आणि अघोष हा भेद केला आहे, आणि सोडलेल्या श्वासाच्या जोरावर महाप्राण ठरविले आहेत. टाडोमाचा वाचक प आणि ब यांतला भेद बोटाखालच्या कंपनाने ओळखतो, श्वासाचा झोत अंगठ्यावर झेलतो. शिक्षाकारांनी जे वर्गीकरण उच्चारकाच्या देहातून केले, तेच हा वाचक बाहेरून, हाताने करीत असतो. ध्वनी हा मुळात स्पर्शांचा आणि कंपनांचा व्यापार आहे, हे आपली परिभाषा सांगत आली आहे; आपण ती पाठ करताना तिच्या अर्थाकडे लक्ष दिले नाही, एवढेच.

विसाव्या शतकाच्या मध्यास प्रयोगशाळांनी माणसाचा हात काढून घेतला आणि त्या जागी यंत्र बसविले. व्हर्जिनिया विद्यापीठातील फ्रँक गेल्डार्ड याने १९५७ मध्ये ‘व्हायब्रटीज’ नावाची संहिता मांडली. छातीवर पाच कंपक, कंपनाच्या तीन तीव्रता आणि तीन कालावधी, मिळून पंचेचाळीस चिन्हे. प्रशिक्षित व्यक्तीने तिच्यात मिनिटाला ३८ शब्द वाचले. वेग चांगला होता. पण बोलणारा आता समोर नव्हता, आणि वाचणाऱ्याला उत्तर देण्याची सोयही नव्हती. १९७१ पासून विकल्या गेलेल्या ऑप्टाकॉनने वेगळा मार्ग धरला. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन लिन्व्हिल यांनी आपल्या अंध मुलीसाठी तो कल्पिला. एका हाताने छोटा कॅमेरा छापील ओळीवरून फिरवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाखाली १४४ सूक्ष्म टाचण्या त्या अक्षराचा आकार थरथरत उठवीत. ब्रेल अक्षराला दुसरे चिन्ह देते, ऑप्टाकॉन अक्षराचा आकारच देतो. तत्त्वतः त्यावर देवनागरीची शिरोरेषाही बोटाला लागली असती. १९९६ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. संगणकाचा बोलता आवाज स्वस्त झाला होता.

यानंतर स्पर्शाचा इतिहास एकाएकी दिशा बदलतो. १९८६ मध्ये नॉर्मन व्हाइट आणि डग बॅक या कलावंतांनी टोरंटो आणि पॅरिस यांच्यामध्ये दूरध्वनीच्या तारेवर पंजा लढविण्याचे यंत्र मांडले. तेथे स्पर्श हा खेळ होता. १९९६ मध्ये रॉब स्ट्राँग आणि बिल गेव्हर यांनी तीन वस्तू रचल्या. त्यांतल्या एकीत प्रवासाला गेलेल्या माणसाने जवळच्या व्यक्तीचे छायाचित्र उचलले की घरी एक पीस हवेत तरंगते. दुसरी दरवळ सोडते. तिसरी हातात मावणारी, ‘शेकर’ : एकाने हलविली की दुसऱ्याच्या हातातली थरथरते. अर्थ काहीच नाही, फक्त आठवण. पुढच्याच वर्षी एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये ब्रेव्ह आणि डॅली यांनी लाकडी रुळांची जोडी बनविली. एकाने रूळ फिरविला की दूरचा रूळ फिरे आणि दुसऱ्याने अडविला तर पहिल्याला अटकाव जाणवे. दलालाच्या उपरण्याखालची परस्परता येथे यंत्रात परतलेली दिसते. तथापि या साऱ्या रचनांच्या मुळाशी ‘स्पर्श म्हणजे निःशब्द जवळीक’ ही धारणा होती. अंक आणि अक्षरे वाहणाऱ्या स्पर्शाचा वारसा त्या कर्त्यांना आठवला नसावा.

म्हणूनच २००२ मधील ‘कॉमटच’ हा प्रयोग मला या इतिहासातील महत्त्वाचे वळण वाटतो. अँजेला चँग आणि सहकाऱ्यांनी मीडिया लॅबमध्येच ही हातात धरण्याची वस्तू रचली. बोलता बोलता एकाने बोट जितके दाबावे तितक्या जोराने दुसऱ्याच्या हातात कंपन होई, आणि दोघेही एकाच वेळी दाबू शकत. उद्देश होता आवाजाला भावनेची जोड देण्याचा. चोवीस माणसांनी ती वापरली. कर्त्यांना जे आढळले ते असे : लोकांनी बोलण्यातील जोराच्या जागी दाबले, एकाने जशी लय दाबली तशीच दुसऱ्याने परत पाठविली, आणि आता माझी पाळी आहे किंवा मी ऐकतो आहे, हे दाबून सांगितले. याखेरीज काहींनी मॉर्सच्या धर्तीवर संकेतच रचले. भावनेसाठी दिलेल्या वाहिनीवर माणसांनी आघात, अनुकरण, विरामचिन्हे आणि वर्णमाला आणली. छंदःशास्त्राच्या अभ्यासकाने या यादीकडे पाहावे. कोणी न शिकविता थोड्याच वेळात येथे छंदाची आणि संवादाची मूलतत्त्वे उभी राहिली आहेत.

उलट दिशेचे उदाहरण आपल्या देशातले आहे. भारतात मोबाइलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यामध्ये झाले. प्रारंभीच्या वर्षांत बोलणे महाग होते. २००३ मध्ये येणारा कॉल सर्वत्र विनामूल्य झाल्यानंतरही जाणाऱ्या कॉलला पैसे पडतच. त्यातून ‘मिस्ड कॉल’ नावाचा व्यवहार फोफावला. फोन करायचा आणि उचलण्यापूर्वी तोडायचा. खिशातला फोन दोनदा थरथरला म्हणजे ‘पोहोचलो’, एकदा म्हणजे ‘खाली ये’, आणि काही घरांत रात्री ठरावीक वेळी एकदा थरथरला म्हणजे काहीच नाही, फक्त ‘आहे’. जोनाथन डोनर यांनी २००७ मध्ये आफ्रिकेतील अशाच रिवाजाचे नियम मांडले. उलट फोन करावा अशी मागणी, आधी ठरविलेला निरोप आणि केवळ नाते राखण्याची खूण असे तीन प्रकार त्यांनी वेगळे केले. येथे यंत्राने दिलेली वस्तू निव्वळ सूचना होती : टोकाला एका बाजूने जड केलेली इवलीशी मोटर फिरते आणि सारा फोन हादरतो. तिला गती घ्यायला आणि थांबायला वेळ लागतो, त्यामुळे तिच्यात बारीक उच्चार शक्य नाहीत. एकच हुंकार ती भरू शकते. वापरणाऱ्यांनी त्या हुंकाराला संख्या, वेळ आणि नाते यांचे व्याकरण दिले. मालिनोव्स्कीने १९२३ मध्ये आणि त्याच्या आधाराने याकोब्सनने १९६० मध्ये भाषेच्या संपर्कसाधक कार्याविषयी जे लिहिले, त्याचे इतके शुद्ध उदाहरण शब्दांच्या भाषेत क्वचितच मिळेल, कारण येथे संदेश म्हणजे संपर्काचा प्रयत्न आणि त्याचे हेतुपूर्वक तोडणे एवढाच आहे.

त्वचाही या वाचनाला सरावते. २०१० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अमेरिकेतील एका रुग्णालयातील कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ६८ टक्क्यांना उपकरण थरथरले नसताना थरथरल्याचा भास झाला होता. जेथे लिहिलेले नाही तेथेही वाचू लागणारा हा वाचक, एरवी ग्रंथमीमांसेत आपल्या चांगलाच ओळखीचा आहे.

यंत्रे पुढे सुधारली. २००४ च्या सुमारास ग्लासगो विद्यापीठातील ब्रूस्टर आणि ब्राउन यांनी लय, पोत आणि जागा यांवर आधारलेल्या स्पर्शचिन्हांची संकल्पना मांडली. २०१५ मध्ये बाजारात आलेल्या ॲपलच्या घड्याळाने मनगटावर टिचकी मारण्याची आणि आपल्या हृदयाचे ठोके दुसऱ्याच्या मनगटावर पाठविण्याची सोय दिली. ठोके पाठविण्याची ही कल्पना जाहिरातीत शोभली, पण तिच्यात बोलण्यासारखे फार नव्हते. ठोका आपल्या इच्छेने बदलता येत नाही, आणि जे बदलता येत नाही ते भाषा होत नाही. निवडीच्या शक्यतेशिवाय चिन्ह नाही, हे भाषाविज्ञानातले प्राथमिक तत्त्व येथे विसरले गेले होते.

लोर्मचा तळहात मात्र विसरला गेला नव्हता. २०१२ मध्ये बर्लिनच्या कलाविद्यापीठातील संशोधकांनी ‘मोबाइल लोर्म ग्लोव्ह’ मांडला. मोज्याच्या तळहाताच्या बाजूस दाब ओळखणारे संवेदक आहेत. त्यांवर लोर्मच्या पद्धतीने अक्षरे लिहिली की ती मजकूर होऊन फोनवर जातात. आलेला मजकूर मोज्याच्या पाठीवरच्या कंपकांतून लोर्मच्या अक्षरांत उतरतो. डॅल्गार्नो, बेल आणि बर्लिन असा हातमोज्याचा प्रवास येथवर येतो. दोन बधिरांध माणसे एकमेकांपासून दूर असतानाही कोणा मध्यस्थाचा हात न मागता बोलू शकतात, ही या उपकरणाची थोरवी कमी लेखण्याजोगी नाही. तरी एक उणीव राहते. लिहिणाऱ्याला समोरचा हात सैलावला की आखडला हे कळत नाही. निरोप जातो, हात जात नाही.

ही उणीव केवळ तांत्रिक नाही, असे सांगणारी चळवळ बधिरांधांमध्येच उभी राहिली. २००७ च्या सुमारास सिॲटलमध्ये जेलिका न्यूशिओ आणि एजे ग्रॅंडा या दोघी बधिरांध शिक्षिकांनी ‘प्रोटॅक्टाइल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीची पायाभरणी केली. दुभाष्याने जगाचे भाषांतर हातात आणून द्यावे ही व्यवस्था तिने नाकारली. ऐकणारा बोलणाऱ्याच्या गुडघ्यावर किंवा हातावर सतत दाब देत राहतो : समजले, हसलो, थांब. बोलणारा ऐकणाऱ्याच्या देहावर आकार रेखतो आणि त्यासाठी ऐकणाऱ्याचेच हात वापरून घेतो. टेरा एडवर्ड्स आणि डायान ब्रेंटारी यांनी २०२० मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात दाखविले की या व्यवहारात स्वतःची वर्णव्यवस्था आकार घेत आहे, आणि ती दृश्य खुणांच्या भाषेची नक्कल नाही. याच समाजातील कवी जॉन ली क्लार्क यांचा ‘हाऊ टू कम्युनिकेट’ हा संग्रह २०२२ मध्ये निघाला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत आला. ब्रेल लिहिण्याच्या पाटीच्या मर्यादांतून त्यांनी ‘स्लेटकू’ हा कवितेचा बंध घडविला आहे. हायकूचा बंध ऐकण्यातून येतो, हा बंध पाटीच्या खाचांतून येतो. केलरवर कट्सफोर्थने घेतलेल्या आक्षेपाला इतक्या वर्षांनी मिळालेले हे उत्तर आहे, असे म्हणावयास हरकत नसावी.

आपल्याकडे काय आहे? मुंबईत हेलन केलर यांच्या नावाची बधिरांधांसाठीची संस्था बेरोज वाच्छा यांनी १९७७ मध्ये सुरू केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बहुविकलांगतेखाली बधिरांधतेचा उल्लेख केला. आणि याआधीच, १९५१ पासून, भारती ब्रेल आहे. तिच्यात क हे अक्षर मराठी, बंगाली, तमिळ या सर्व भाषांत तेच दोन ठिपके घेऊन येते. या भाषांच्या लिप्या डोळ्यांना परस्परांपासून तोडतात. बोटाला त्या एकच आहेत. ऱ्हस्व वेलांटी देवनागरीत व्यंजनाच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते, ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतरच येते. तौलनिक भारतीय साहित्याची एक लिपी असावी की नसावी हा वाद आपण डोळसांच्या परिषदांत घालत आलो; बोटांनी तो एका परीने मिटवून टाकला होता.

शेवटी एक सूचना, तीही केवळ विचारासाठी. लोर्मने पाच टोकांवर पाच जर्मन स्वर ठेवले. मराठीच्या तळहाताला वेगळा आराखडा लागेल, आणि तो आपल्या वर्णमालेत तयार आहे : पाच वर्ग, प्रत्येकात पाच स्पर्शवर्ण. चार बोटांवर टोक, तीन पेरे आणि मूळ अशा पाच पाच जागा मिळतात. वर्ग म्हणजे बोट, जागा म्हणजे अल्पप्राण, महाप्राण, अनुनासिक. बोटांच्या पेरांवर जप मोजणाऱ्या आणि सामगानाचे स्वर अंगठ्याने पेरांना स्पर्श करून सांगणाऱ्या परंपरेला, जिला नारदीय शिक्षेने ‘गात्रवीणा’ म्हटले, हे अपरिचित वाटू नये. अडचण अंगठ्याची आहे. त्याला पेरे दोनच, आणि पाचवा वर्ग तेथे मावत नाही. प-वर्ग तळहातावर उतरवावा, की अंगठा स्वरांसाठी मोकळा ठेवून दुसरी एखादी वाट काढावी, हे ठरविण्याचा अधिकार वर्णमाला कागदावर आखणाऱ्या माझ्यासारख्यांचा नाही. ज्यांच्या तळहातावर ती रोज लिहिली जाईल, त्यांनी ती आधी वापरून पाहिली पाहिजे.